आधी पिसू, मग उंदीर

प्लेगच्या जुन्या मुलखात राहणाऱ्यांसाठी, आणि तिथे पिंजरे घेऊन जाणाऱ्यांसाठीही.

काय करावे

*शिवारात*

- बांधावरची बिळे ओळखायला शिका; तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग दिसला, तर आत बहुधा घुशीच्या जातीचा शेतउंदीर असतो.
- गर्बिल शेपटीवरून ओळखा: अंगापेक्षा लांब, टोकाला केसांचा झुपका, पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, डोळे मोठे.
- त्याला रानात सुखाने राहू द्या; दख्खनच्या पठारावर साथ नसतानाही प्लेगचा जंतू टिकतो, तो मुख्यतः या उंदराच्या आणि त्याच्या पिसवांच्या जोरावर.
- शिदोरी मोकळ्या जागी सोडा, बिळांच्या बांधावर नको.
- बिळांच्या पट्ट्यातून जाताना पँटचे पाय मोज्यांत खोचा, आणि मोजे पांढरे घाला. तपकिरी ठिपका हलला की लगेच दिसतो.
- रिकाम्या बिळालाही वचकून असा. धनी मेला तरी थंड, दमट बिळात उपाशी पिसू आठवडेच्या आठवडे जगते.
- राखणीला वावरात झोपायचे तर बाज वापरा. मुंबईत प्लेग कमिशनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगची लागण असलेल्या जागी गिनीपिगचे पिंजरे ठेवून पाहिले होते. जमिनीलगतच्यांना प्लेग झाला, दोन फूट उंच टांगलेले वाचले. बाजेचे खूर आखूड असतील तर खाली विटा लावा.
- कुत्रा रानातून आला की अंगणातच विंचरा. उंदराची पिसू त्याच्या अंगावर मुक्कामाला राहत नाही, पण तेवढ्या वाटेपुरती बसून येते.

*घरात, कणगीपाशी*

- सुगीचे धान्य पत्र्याच्या कोठीत भरा, आणि कोठी झोपायच्या खोलीबाहेर ठेवा.
- पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. भिंत आणि पोते यांच्यातली फट हाच उंदराचा हमरस्ता.
- जमीन सारवलेली ठेवा आणि भेगा बुजवा. पिसूच्या अळीला ना पाय ना डोळे, भेगेतली धूळ हेच तिचे जग.
- कोपऱ्यातला केर रोज काढून जाळा. पिसूची अंडी उंदराच्या केसांना चिकटून राहत नाहीत, घरंगळून केरात पडतात.
- वाकळा आणि घोंगड्या दर आठवड्याला कडक उन्हात उलटसुलट करून टाका. कोरड्या उन्हात अळी टिकत नाही.
- बरेच दिवस बंद असलेले घर उघडले की आधी कीटकनाशक भुकटी मारा, मग आत वावरा. कोशातली पिसू पावलांचा धक्का आणि अंगाची ऊब लागली की बाहेर येते.
- गाव सोडायची वेळ आली तर धान्य मागे ठेवू नका, आधी तेच हलवा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतर पडक्या आणि सोडून दिलेल्या घरांत धान्य राहिले, उंदरांचे फावले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा उच्छाद झाला, उंदीर पडले, आणि मग गाठीच्या तापाचे संशयित रुग्ण दिसले. हा क्रम पाठ करा.

*उंदीर पडू लागले तर*

- “उंदीर पडतायत” हे ऐकताच वही काढा: किती, कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी.
- मरायची रीत पाहा. कोणी विष घातलेले नसताना उंदीर भरदिवसा झिंगल्यासारखा मोकळ्यावर येऊन मेला, तर त्याची नोंद वेगळी करा.
- प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन करा. अर्ज मागाहून लिहा.
- पोरे, कुत्री, मांजरे, कोंबड्या तिथून हाकला.
- उंदराला हात लावण्याआधी त्याच्यावर आणि भोवती आरोग्य विभागाने दिलेली कीटकनाशक भुकटी टाका. प्रेत थंडावू लागले की कातडीशी बसलेल्या पिसवा केसांच्या टोकांवर येतात आणि मिळेल त्या पहिल्या उबदार अंगावर जातात. ते अंग बहुधा उचलणाऱ्याचेच असते.
- हातमोजे घालून लांब चिमट्याने उचला. चिमटा नसेल तर फावड्याने.
- प्रयोगशाळेला हवा असेल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा. नको असेल तर जाळा, नाहीतर खोल पुरा.
- बिळांच्या तोंडात आणि भिंतीलगतच्या वाटांवर भुकटीचे पट्टे ओढा. उंदीर त्यावरून जातो, पाय-पोट माखून घेतो आणि औषध स्वतःच घरट्यापर्यंत पोचवतो. इतका इमानी गडी रोजंदारीवर मिळणार नाही.
- पट्टे पुसले गेले की पुन्हा ओढा.
- पिसवा घटल्याचे मोजून पाहा, आणि मगच उंदरांना विष घाला. हा एक नियम पाळलात, तर खालचे दोन-चार चुकले तरी चालेल.
- वस्ती हलवायची ठरली तर अंथरूण-पांघरूण भुकटी मारून, उन्हात झटकून न्या. जुन्या साथींत लोक मळ्यात झोपड्या घालून राहत ते शहाणपणाचेच होते. पिसवा घरात राहिल्या तरच त्याचा उपयोग.

*पिंजरे लावताना, पिसवा मोजताना*

- पिंजरे संध्याकाळी लावा, पहाटे उचला. उन्हात उंदीर मेला की पिसवा हातच्या गेल्या.
- एका पांढऱ्या कापडी पिशवीत एकच उंदीर ठेवा, आणि तोंड दोनदा बांधा.
- उंदीर पिशवीतच बेशुद्ध करा, मग पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेवर धरून शेपटीकडून डोक्याकडे, उलट्या केसांनी ब्रश फिरवा.
- पिशवी उलटी करून शिवण तपासा. मोजणीतली चूक बहुतेक वेळा तिथेच दडून बसलेली असते.
- पिसू उचलायला ओल्या कुंचल्याचे टोक लावा. आपोआप चिकटून येते.
- बिळासाठी लवचीक दांड्याला पांढरे फ्लॅनेल गुंडाळा, आत सारून फिरवा, हळू बाहेर काढा. घरट्यात राहणाऱ्या सगळ्याच पिसवा उंदराच्या अंगावर सापडत नाहीत.
- जात ओळखायच्या पिसवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, जंतू तपासायच्या मिठाच्या द्रावणात.
- चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका. बाहेरची शाई अल्कोहोलच्या एका थेंबात जाते.
- झेनोप्सिला चिओपिस, अॅस्टिया आणि ब्राझिलिएन्सिस यांची मोजणी वेगळी ठेवा. प्लेग पसरवण्यात चिओपिस तरबेज, अॅस्टिया त्या मानाने कच्ची.
- निर्देशांक काढा: चिओपिसची संख्या भागिले तपासलेले उंदीर. उत्तर एकाच्या वर गेले की तालुक्याला कळवा.
- ज्या उंदरावर एकही पिसू मिळाली नाही, तोही भागाकारात धरा.
- गावातल्या कुत्र्यांचे रक्त तपासायला पाठवा. आजारी उंदीर खाल्लेला कुत्रा सहसा ठणठणीत राहतो, पण त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे रानातली खबर देतात.

*ताप आला तर*

- पिसवांच्या जागी गेल्यापासून सात दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा.
- जांघ, काख, मान चाचपून पाहा. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ बहुधा जांघेत येते.
- ताप आणि दुखरी गाठ एकत्र दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध वेळेवर सुरू झाले तर हा आजार बरा होतो.
- डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा: आमच्याकडे उंदीर पडलेत.

*समजावून सांगताना*

- जंतू, पिसू, उंदीर आणि बीळ, चौघांचीही नावे घ्या. एक गाळले की गोष्ट लंगडी पडते.
- शाळेत पॉल-लुई सिमाँ यांचा प्रयोग सांगा: कराची, १८९८. काचेच्या बरणीत आजारी उंदीर, वर टांगलेल्या पिंजऱ्यात निरोगी. उंदरांची गाठ पडली नाही, पिसवांनी मात्र अंतर ओलांडले, आणि काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला.
- बोळ्याची गोष्ट सावकाश सांगा, मुले कान देऊन ऐकतात. बॅकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये ती उलगडली: जंतू पिसूच्या जठराच्या तोंडाशी वाढून बोळा बसतो, प्यायलेले रक्त आत उतरत नाही, पिसू भुकेने पुन्हा पुन्हा चावते, आणि अडलेले रक्त जंतूंसकट चाव्यात परत ओकते.
- नळ तुंबला की पाणी उलटे येते, एवढी उपमा पुरे.

काय टाळावे

*शिवारात*

- बिळात हात घालू नका, आणि आत डोकावायला तोंड जवळ नेऊ नका.
- उंदराने साठवलेली कणसे बीळ खणून काढू नका. कणसांच्या कोठाराला लागूनच त्याचे घरटे असते आणि घरट्यातच पिसवा.
- गर्बिलचा नायनाट करायला निघू नका; मोकळ्या झालेल्या बिळांत बाहेरचे कोवळे उंदीर येतात, आणि मागे राहिलेल्या पिसवांना नवे रक्त मिळते.
- साप, घुबड, मुंगूस मारू नका. ते तुमचेच काम फुकटात करतात.
- मेलेला किंवा मलूल पडलेला रानातला प्राणी सोलू नका. शिमला जिल्ह्यात २००२ मध्ये पहिला रुग्ण रानमांजराची कातडी काढणारा शिकारी होता; तिथे पिसूने चावायचीही गरज नव्हती.
- बाजेवरचे पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका; पिसूला चढायला ती शिडीच.
- रानात फिरणाऱ्या कुत्र्या-मांजराला अंथरुणात घेऊ नका.

*घरात, कणगीपाशी*

- कडब्याची गंज घराच्या भिंतीला टेकून रचू नका.
- पोत्यांवर झोपू नका, दुपारची डुलकीसुद्धा नको.
- भुकटी चुलीपाशी, माठापाशी, उघड्या धान्यावर टाकू नका.
- भुकटीचा पट्टा दुसऱ्या दिवशी सारवून टाकू नका. घर स्वच्छ दिसावे म्हणून हे होते, आणि मग औषध लागू पडत नाही अशी तक्रारही त्याच घरातून येते.
- अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घराच्या बिळांत घालू नका. तो वायू माणसालाही मारतो.

*उंदीर पडू लागले तर*

- विष आधी घालू नका. शंभर उंदीर एका रात्रीत मेले, तर शंभर उंदरांच्या पिसवा त्याच रात्री बेघर होतात, आणि त्या घरात उबदार उरता तुम्ही.
- मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावू नका. मीही एकदा भिरकावला होता. संध्याकाळी मोज्याच्या काठाशी चार चावे एका ओळीत मोजले, आणि पुढचे सात दिवस थर्मामीटर उशाशी होता. काही झाले नाही, पण तो आठवडा फार लांबला.
- पिसू नखांवर चिरडू नका, ऊ मारायची सवय इथे नडते. साबणाच्या पाण्यात बुडवा.
- चाव्याची जागा खाजवून रक्त काढू नका.
- कोंबड्यांपुढे किंवा कुत्र्यापुढे मेलेला उंदीर टाकू नका.
- उंदीर मारायला मांजर आणून सोडू नका. मांजराला स्वतःला प्लेग होतो, आणि ते माणसाला देऊ शकते.
- उंदीर पडायचे थांबले म्हणजे संकट टळले असे समजू नका. उंदीर संपल्यावर पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून माणसांतली गाठ उंदरांच्या मागून येते.
- गावाची बदनामी होईल म्हणून बातमी दाबू नका.
- लोकांना घाबरवायला “प्लेग आला” असेही ओरडू नका. उंदीर विषाने, उपासाने, पुरानेही मरतात. ठरवणे प्रयोगशाळेचे काम.

*पिंजरे लावताना, पिसवा मोजताना*

- थंड पडलेल्या उंदरावर पिसू मिळाली नाही म्हणून “पिसवा नाहीत” असा शेरा मारू नका. त्या आधीच उतरून गेल्या आहेत.
- सगळ्या पिसवांची एकच बेरीज करू नका. कुत्र्या-मांजराची पिसू प्लेगच्या कामात अगदीच कमकुवत, आणि तिची भर घालून फुगलेला आकडा नको तिथे धावपळ करायला लावतो.
- घरातले आणि शिवारातले उंदीर एकाच रकान्यात घालू नका. दोघांच्या पिसवा वेगळ्या, आणि ज्या महिन्यात त्यांची सरमिसळ होऊ लागते तोच महिना बघायचा असतो.
- एका ऋतूच्या मोजणीवर निर्धास्त होऊ नका.
- एका गावच्या पिशव्या न धुता, न वाळवता दुसऱ्या गावी नेऊ नका. पिसू तुमच्या जीपने प्रवास करते. माझी एक अख्खी वही याच चुकीने बाद झाली, तीन गावांच्या पिसवा एकाच पिशवीतून निघाल्या होत्या.
- ट्रेवरची पिसू लोखंडी चिमट्यात दाबू नका. पायांवरचे आणि डोक्यावरचे केस तुटले की जात ओळखता येत नाही.
- पिशव्या शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवून चहाला जाऊ नका.

*ताप आला तर*

- गाठीवर बिब्बा घालू नका, डाग देऊ नका, फोडू नका.
- घरात उरलेल्या गोळ्या घेऊन दोन दिवस काढू नका. पेनिसिलिन प्लेगवर चालत नाही. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांतले काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील.
- गाठीच्या रुग्णाला वाळीत टाकू नका. फुफ्फुसात आजार उतरलेला नसेल तर त्याच्या शेजारी बसल्याने तो होत नाही, त्याच्या अंथरुणातल्या पिसवांनी होऊ शकतो.
- खोकणाऱ्या रुग्णाजवळ मात्र तोंड-नाक झाकल्याशिवाय जाऊ नका. तिथून पुढे जंतू हवेतल्या थेंबांतून जातो, पिसू मधून बाजूला होते.

*समजावून सांगताना*

- “उंदीर चावला की प्लेग होतो” असे सांगू नका. लोक दातांना घाबरतात आणि केसांतल्या पिसूला विसरतात.
- पिसूला नुसती टपालवाली म्हणू नका. बोळा बसलेली पिसू रक्त पिऊनही उपाशी मरते, म्हणजे तीही त्या जंतूची रोगीच.
- बोळा बसल्यावरच पिसू धोक्याची, असेही शिकवू नका. काही पिसवा दूषित रक्त प्यायल्यावर पहिल्या काही दिवसांतच, बोळ्याशिवाय, जंतू देऊ शकतात.
- जंतू पिसूच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो असे म्हणू नका. प्रत्येक पिसू तो आजारी उंदराच्या रक्तातूनच घेते.
- अळीला दोष देऊ नका. ती चावत नाही, धुळीतले कण आणि मोठ्या पिसवांची वाळलेली, रक्ताची विष्ठा खाते.
- “ऊन तापले, आता पिसू गेली” असे सांगू नका. तीव्र उन्हाळ्यात बोळा नीट बसत नाही आणि साथ ओसरते हे खरे; पण हातभर खोल बिळात वैशाखातही बरेच थंड असते.
- फक्त माणसांच्या आकड्यांवरून रानाविषयी बोलू नका. १९६६ नंतर १९९४ पर्यंत देशात माणसांतल्या प्लेगची नोंद नव्हती, तेवढ्यावरून बिळांतला फेरा थांबला होता असे ठरत नाही.
- “निर्मूलन” हा शब्द फलकावर लिहू नका. देवीचा रोग माणसांतच राहत होता म्हणून तो घालवता आला. हा जंतू ज्या घरात राहतो त्याला दारही नाही आणि घर क्रमांकही नाही.
- तपासणीत काहीच मिळाले नाही तर वहीतला रकाना कोरा सोडू नका. शून्य लिहा, तारीख टाका, खाली सही करा.